अमेरिकेतील चारामाशांचे कायदेशीर संरक्षण

समुद्रात मोठ्या संख्येने थव्यांनी राहणाऱ्या आणि मोठे मासे, समुद्रपक्षी, सील, सागरी सिंह, देवमासे इत्यादींचे प्रमुख खाद्य असणाऱ्या लहान माशांना चारामासे (इंग्रजीतील 'फोरेज फिश') म्हणतात. सार्डिन, अँकोव्ही, हेरिंग, मेनहेडन, केपलिन, स्मेल्ट व सँड लान्स हे त्यांतील प्रमुख होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या माशांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९७६ चा मॅग्नसन–स्टीव्हन्स कायदा, त्याखालील प्रादेशिक परिषदांच्या योजना, अटलांटिक किनाऱ्यावरील राज्यांचा करार आणि न्यायालयांचे निर्णय यांतून त्यांचे संरक्षण टप्प्याटप्प्याने आकारास आले आहे. समुद्रातील एखाद्या माशाची किती पकड करावी, हे ठरवताना त्या माशावर जगणाऱ्या इतर प्राण्यांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा काय, हा या सर्व व्यवस्थेमागील मूळ प्रश्न आहे.

चारामाशांचे स्वरूप

चारामासे प्रामुख्याने प्लवकांवर जगतात. सूर्यप्रकाशावर वाढलेल्या वनस्पतिप्लवकांतील व त्यांवर पोसलेल्या प्राणिप्लवकांतील ऊर्जा ते आपल्या शरीरात साठवतात आणि मोठ्या भक्षकांपर्यंत पोहोचवतात. ट्यूना किंवा देवमाशाच्या काही जाती यांच्या तुलनेत मध्यल्या पायरीवरील जातींची संख्या फार थोडी असते. एखाद्या सागरी प्रदेशात बहुतेक भक्षकांचा भार दोन-तीन जातींच्या लहान माशांवर असतो. कोकण किनाऱ्यावरील तारली आणि मांदेली हे अनुक्रमे सार्डिन आणि अँकोव्ही यांच्याच कुळांतील मासे असून सुरमईसारख्या मोठ्या माशांच्या आहारात त्यांचे स्थान तेच आहे.

हे मासे लवकर प्रौढ होतात, अल्पायुषी असतात आणि त्यांची संख्या समुद्राच्या तापमानानुसार व प्रवाहांनुसार मोठ्या प्रमाणात वरखाली होते. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा खोऱ्याच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या थरांत सार्डिन व अँकोव्ही यांचे खवले सापडतात. त्यांच्या मोजणीवरून असे दिसते की, व्यापारी मासेमारी सुरू होण्याच्या कित्येक शतके आधीपासून हे साठे फुगत आणि कोसळत आले आहेत. कायद्यापुढील अडचण येथूनच सुरू होते. साठा घटला की दोष निसर्गाचा की जाळ्याचा, हा वाद दरवेळी उभा राहतो.

वेगळ्या नियमांची गरज

विसाव्या शतकातील मत्स्यव्यवस्थापन 'कमाल शाश्वत उत्पादन' या कल्पनेवर उभे राहिले. साठ्याला धक्का न लावता दरवर्षी जास्तीत जास्त किती मासे काढता येतील, हे या पद्धतीत प्रत्येक जातीसाठी स्वतंत्रपणे काढले जाते. शिकारी माशांच्या बाबतीत ही पद्धत बऱ्याच अंशी चालते. चारामाशांच्या बाबतीत मात्र 'शिल्लक' म्हणून जो भाग मासेमारीसाठी मोकळा समजला जातो, तोच दुसऱ्या कोणाचे तरी अन्न असतो. साठा स्वतःला टिकवून धरण्याइतका शिल्लक असूनही त्यावर अवलंबून असलेले पक्षी उपाशी राहू शकतात.

दुसरे कारण थव्यांशी संबंधित आहे. कॉड किंवा तत्सम मासे कमी झाले की बोटीला तेवढ्याच श्रमात कमी मासे मिळतात आणि धोक्याची सूचना मिळते. चारामासे संख्येने घटले तरी उरलेले मासे एकत्र येऊन दाट थवा करतातच. पर्ससीन जाळ्याने असा थवा वेढला की पकड पूर्वीइतकीच भरते आणि साठा कोसळण्याच्या बेतात आला तरी जाळी भरलेलीच दिसतात. टिमथी एसिंग्टन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नैसर्गिक घसरणीच्या काळात मासेमारीचा दर वेळेवर कमी न झाल्याने चारामाशांचे साठे अधिक खोलवर कोसळतात, असा निष्कर्ष काढला आहे.

अर्थशास्त्रही या बाजूने मांडले गेले. एलन पिकिच यांच्या अध्यक्षतेखालील १३ शास्त्रज्ञांच्या लेन्फेस्ट कार्यगटाने २०१२ मध्ये अहवाल दिला. चारामाशांचे जागतिक मूल्य वर्षाला सुमारे १६.९ अब्ज डॉलर असून त्यापैकी ५.६ अब्ज डॉलर थेट पकडीचे, तर ११.३ अब्ज डॉलर इतर व्यापारी माशांचे अन्न म्हणून आहे, असा त्याचा अंदाज होता. थोडक्यात, हा मासा जाळ्यात जितका मोलाचा, त्याच्या दुप्पट समुद्रात मोलाचा ठरतो. बहुतेक साठ्यांत मासेमारीचा दर प्रचलित दराच्या निम्म्यावर आणावा आणि समुद्रात राखावयाचे किमान प्रमाण दुप्पट करावे, अशी शिफारस या गटाने केली.

मॅग्नसन–स्टीव्हन्स कायदा

वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९७६ मध्ये संमत झाला. त्या वेळी त्याचा रोख परदेशी ट्रॉलरांना किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या बाहेर ठेवण्याकडे होता. त्याने आठ प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन परिषदा स्थापन केल्या. परिषद योजना आखते आणि वाणिज्य खात्याच्या अधीन असलेली राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवा ती मंजूर करून अमलात आणते. सर्वसाधारणपणे किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतचे पाणी राज्यांकडे आणि त्यापुढचे संघराज्याकडे असते. ही तीन मैलांची रेषा पुढे मेनहेडनच्या बाबतीत निर्णायक ठरली.

कायद्यात 'फोरेज फिश' या संज्ञेची व्याख्या नाही. संरक्षणाचा आधार 'इष्टतम उत्पादन' या संकल्पनेत शोधला जातो. मूळ कायद्यानुसार इष्टतम उत्पादन म्हणजे आर्थिक, सामाजिक वा परिसंस्थाविषयक कारणांनी 'बदललेले' कमाल शाश्वत उत्पादन होते. बदल वरच्या दिशेनेही करता येत असे. १९९६ च्या शाश्वत मत्स्यव्यवसाय कायद्याने 'बदललेले' या शब्दाच्या जागी 'घटवलेले' हा शब्द घातला. एका शब्दाच्या या दुरुस्तीमुळे कमाल मर्यादा ओलांडण्याची वाट बंद झाली आणि परिसंस्थेसाठी पकड कमी करण्याला स्पष्ट आधार मिळाला. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक योजनेत वार्षिक पकडमर्यादा अनिवार्य केली आणि परिषदेला आपल्या शास्त्रीय समितीने सुचवलेल्या मर्यादेच्या वर जाण्यास मनाई केली. त्यानंतर २००९ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत, चारामाशांचे साठे कमाल उत्पादन देणाऱ्या पातळीपेक्षा अधिक राखण्याचा विचार व्हावा, असे नमूद करण्यात आले. ही सूचना मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. यामुळे प्रत्येक परिषदेने तिचा अर्थ आपापल्या परीने लावला.

पॅसिफिक सार्डिन

कॅलिफोर्नियातील सार्डिन हे या विषयातील सर्वांत जुने उदाहरण आहे. १९३० च्या दशकात एका हंगामात ७ लाख टनांहून अधिक सार्डिन पकडली जात होती आणि मॉन्टेरे येथे डबाबंद माशांचे कारखाने रात्रंदिवस चालत असत. जॉन स्टाइनबेक यांची १९४५ ची 'कॅनरी रो' ही कादंबरी याच वस्तीवर आधारलेली आहे. पुढील दोन दशकांत हा व्यवसाय संपला. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये बंदी घातली तेव्हा पकडण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. १९८६ मध्ये मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली.

यातून पॅसिफिक परिषदेने स्वीकारलेला नियम चारामाशांसाठी केलेल्या सूत्रांपैकी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला आहे. साठ्याच्या अंदाजातून प्रथम १,५०,००० टन वजा केले जातात. उरलेल्या भागाचा, समुद्राच्या तापमानानुसार बदलणारा ठरावीक टक्का घेतला जातो. हा साठा मेक्सिको व कॅनडातही पसरलेला असल्याने त्यातील ८७ टक्के अमेरिकेचा मानला जातो. पकड कितीही भरली तरी २ लाख टनांच्या वर जाता येत नाही. उदाहरणार्थ, साठा ५,५०,००० टन आणि टक्का १० धरल्यास ४,००,००० टनांचे ४०,००० टन व त्याचे ८७ टक्के म्हणजे ३४,८०० टन पकड होते. साठा १,५०,००० टनांच्या खाली गेला की उत्तर आपोआप शून्य येते. त्यासाठी कोणाला निर्णय घ्यावा लागत नाही, आणि निर्णय टाळताही येत नाही.

२०१५ मध्ये तसेच घडले. तेव्हापासून सार्डिनची मुख्य मासेमारी बंद आहे. जिवंत आमिषासाठी व इतर माशांबरोबर चुकून येणाऱ्या पकडीसाठीच अल्प सवलत आहे. २०१९ मध्ये साठा ५०,००० टनांच्याही खाली गेल्याने तो 'अतिमासेमारीग्रस्त' घोषित झाला आणि पुनर्बांधणी योजना आवश्यक ठरली. ती योजना पुरेशी नसल्याची तक्रार ओशियाना या संस्थेने न्यायालयात नेली व २०२४ मध्ये न्यायालयाने ती अंशतः मान्य केली. आपोआप बंद होणारे सूत्र असूनही साठा सावरला नाही, यावर दोन्ही बाजू बोट ठेवतात. एक बाजू म्हणते की घसरण सुरू झाल्यावरही सूत्राने मासेमारी जास्त काळ चालू दिली. दुसरी म्हणते की थंड पाण्याच्या वर्षांत सार्डिन वाढतच नाही.

उत्तर अँकोव्हीच्या बाबतीत नेमकी उलट गत झाली. तिची मर्यादा दरवर्षी न बदलता २५,००० टनांवर स्थिर ठेवली होती. जुन्या आकडेवारीवर आधारलेली ही मर्यादा कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये रद्द केली. त्यानंतर मात्र अँकोव्ही समुद्रात विपुल झाली. न्यायालयाचा मुद्दा यामुळे चुकीचा ठरत नाही. इतक्या वेगाने बदलणाऱ्या साठ्याला एकच स्थिर आकडा लावता येत नाही, हेच दोन्ही घटनांतून दिसते.

मासेमारी सुरू होण्यापूर्वीची बंदी

कोसळलेला साठा सावरण्यापेक्षा, ज्या जातींची मासेमारी अद्याप सुरूच झालेली नाही त्यांना आधीच संरक्षण देणे सोपे असते. विरोध करणारा व्यवसायच तेथे नसतो. ही वाट प्रथम उत्तर पॅसिफिक परिषदेने घेतली. अलास्काच्या पाण्यातील केपलिन, युलाकॉन, इतर स्मेल्ट, सँड लान्स, लँटर्नफिश, क्रिल इत्यादींचा वेगळा गट करून १९९८ मध्ये त्यांच्या थेट मासेमारीवर बंदी घालण्यात आली. इतर मासे पकडताना ते जाळ्यात आले, तर एकूण पकडीच्या २ टक्क्यांपर्यंतच ठेवता येतात.

पॅसिफिक परिषदेने २००६ मध्ये क्रिलवरील बंदी संमत केली व २००९ मध्ये ती अमलात आली. क्रिल हा मासा नसून कवचधारी प्राणी आहे. तथापि या कायद्यात सागरी सस्तन प्राणी व पक्षी वगळता समुद्रातील जवळपास सर्व सजीव 'मासा' या व्याख्येत येतात, त्यामुळे अडचण आली नाही. २०१६ मध्ये याच परिषदेने सॉरी, सिल्व्हरसाइड, सँड लान्स, खोल पाण्यातील लहान मासे व काही माकूळ जातींची नवी मासेमारी, शास्त्रीय माहितीचा आढावा घेतल्याशिवाय सुरू करण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी मध्य-अटलांटिक परिषदेने ५० हून अधिक जातींच्या बाबतीत असाच निर्णय घेऊन एका फेरीत त्यांची एकत्रित पकड १,७०० पौंडांवर मर्यादित केली.

या तरतुदींत भार कोणावर टाकला आहे, हे महत्त्वाचे आहे. एरवी मासेमारीने हानी होते हे सिद्ध झाल्यावर निर्बंध येतात. येथे मासेमारी सुरू करू इच्छिणाऱ्याला ती हानिकारक नाही हे आधी दाखवावे लागते.

मेनहेडन

अटलांटिक मेनहेडन हा हेरिंगच्या कुळातील तेलकट व काटेरी मासा आहे. तो फारसे कोणी खात नाही. न्यू इंग्लंडमधील मूळ रहिवासी तो शेतात खत म्हणून वापरत आणि त्याचे नावही त्यांच्या भाषेतील खतासंबंधीच्या शब्दावरून आल्याचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकापासून त्याचे तेल व मत्स्यचूर्ण काढण्याचे कारखाने किनाऱ्यावर उभे राहिले. १९५६ मध्ये या कारखान्यांसाठीची पकड ७ लाख टनांच्या वर गेली होती. पुढे साठा घटत गेला, एकेका राज्याने आपल्या पाण्यात अशा मासेमारीस बंदी केली आणि २००५ नंतर अटलांटिक किनाऱ्यावर व्हर्जिनियातील रीडव्हिल येथील एकच कारखाना उरला.

मेनहेडन बहुतांशी किनाऱ्यालगत, म्हणजे तीन मैलांच्या आतल्या राज्यांच्या पाण्यात पकडला जातो. त्यामुळे मॅग्नसन–स्टीव्हन्स कायदा त्याला लागू पडत नाही. त्याचे व्यवस्थापन १९४२ च्या आंतरराज्य कराराने स्थापन झालेला अटलांटिक राज्यांचा सागरी मत्स्यव्यवसाय आयोग करतो. मेनपासून फ्लोरिडापर्यंतची १५ राज्ये त्याची सदस्य आहेत. १९९३ च्या कायद्याने आयोगाला धार दिली: राज्याने योजनेचे पालन केले नाही आणि संवर्धनासाठी ते आवश्यक असल्याचे वाणिज्य मंत्र्यांना पटले, तर त्या राज्यातील त्या माशाची मासेमारीच संघराज्याकडून बंद केली जाते.

संपूर्ण किनाऱ्यासाठी पकडीची पहिली मर्यादा डिसेंबर २०१२ मध्ये ठरली. ती १,७०,८०० टन, म्हणजे आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा २० टक्क्यांनी कमी होती. चेसापीक उपसागर हे मेनहेडनच्या पिलांचे संगोपनक्षेत्र असल्याने त्यातील कारखान्यासाठीच्या पकडीला स्वतंत्र मर्यादा होतीच. २०१७ मध्ये ती ८७,२१६ टनांवरून ५१,००० टनांवर आणण्यात आली. व्हर्जिनियाने ती स्वीकारली नाही. त्या काळी या राज्यात इतर सर्व सागरी माशांचे नियम मत्स्यआयोग करीत असे, मात्र मेनहेडनचे नियम थेट विधिमंडळ करीत असे, आणि विधिमंडळाने नवी मर्यादा कायद्यात आणलीच नाही. २०१९ च्या हंगामात मर्यादा ओलांडली गेली. आयोगाने व्हर्जिनियाला अनुपालनात कसूर करणारे राज्य ठरवले, डिसेंबर २०१९ मध्ये वाणिज्य मंत्र्यांनी त्यास मान्यता दिली आणि जून २०२० पासून राज्यातील मेनहेडनची मासेमारी बंद करण्याची तारीख जाहीर केली. त्या तारखेपूर्वीच व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने हा मासा आपल्या हातून काढून राज्याच्या मत्स्यआयोगाकडे सोपवला, नवी मर्यादा लागू झाली आणि बंदी टळली.

ऑगस्ट २०२० मधील निर्णय त्याहून मूलगामी होता. आयोगाने मेनहेडनसाठी 'परिसंस्थाधारित संदर्भ पातळ्या' स्वीकारल्या. तोवर मेनहेडनची मर्यादा मेनहेडनच्याच साठ्याकडे पाहून ठरत असे. नव्या पद्धतीत स्ट्राइप्ड बास या शिकारी माशाचा साठा आपल्या ठरलेल्या उद्दिष्टापर्यंत पोहोचण्यासाठी मेनहेडनची मासेमारी जास्तीत जास्त किती चालेल, असा प्रश्न विचारला जातो. अभ्यासलेल्या भक्षकांपैकी स्ट्राइप्ड बास हा मेनहेडनच्या घटीला सर्वाधिक संवेदनशील आढळल्याने तो निकष मानला गेला. एका माशाची पकड दुसऱ्या माशाच्या भुकेवरून ठरवण्याची ही पद्धत अमेरिकेत यापूर्वी इतक्या थेट स्वरूपात अमलात आलेली नव्हती. तिच्यातील उणीव अशी की, भक्षक पक्षी या गणितात नाहीत. चेसापीकमधील ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याच्या घरट्यांत पिले पुरेशी जगत नसल्याची निरीक्षणे पुढे आल्यावर मेनहेडनचा वाद पुन्हा पेटला. किनाऱ्यावरील एकूण साठा पुरेसा असला तरी एका उपसागरात, एका ठरावीक महिन्यात, पिलांना भरवण्यापुरते मासे आहेत काय, याचे उत्तर किनारपट्टीची सरासरी देत नाही.

हेरिंग व नदीतील हेरिंग

न्यू इंग्लंड परिषदेने अटलांटिक हेरिंगसाठी परिसंस्थेतील तिचे स्थान लक्षात घेणारे पकडसूत्र आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे १२ मैलांच्या पट्ट्यात मध्यजल ट्रॉलिंगवर बंदी, असे दोन उपाय २०२१ मध्ये लागू केले. मासेमारी कंपन्यांच्या अर्जावर न्यायालयाने २०२२ मध्ये किनारपट्टीची बंदी रद्द केली. पकडसूत्र कायम राहिले. आकड्यांपेक्षा जागेवरील निर्बंध न्यायालयात टिकवणे कठीण जाते, याचे हे उदाहरण मानले जाते.

एल्वाइफ व ब्लूबॅक या 'नदीतील हेरिंग' म्हटल्या जाणाऱ्या जाती समुद्रात वाढतात व अंडी घालण्यासाठी नद्यांत चढतात. नद्यांत त्यांच्या मासेमारीवर राज्यांनी कठोर निर्बंध आणले. समुद्रात मात्र त्या हेरिंग व मॅकेरलच्या जाळ्यांत अनाहूतपणे सापडतात. गावकऱ्याला ओढ्यातून टोपलीभर मासे काढण्यास बंदी आणि समुद्रात तेच मासे ट्रॉलरमध्ये, अशी विसंगती निर्माण झाली. या जाती संघीय योजनेत घ्याव्यात काय, याचा विचारच मत्स्यसेवेने केला नाही, असे वॉशिंग्टनमधील संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले. २०१४ पासून अशा आनुषंगिक पकडीवर मर्यादा आल्या, तथापि योजनेत त्यांचा समावेश झालेला नाही.

शास्त्रीय मतभेद

चारामाशांची पकड कमी केल्याने भक्षक वाढतात, हे गृहीत सर्वांना मान्य नाही. फिलिप क्युरी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सात सागरी परिसंस्था व १४ जातींचे पक्षी अभ्यासून, चारामाशांचे प्रमाण दीर्घकालीन कमाल पातळीच्या एकतृतीयांशाखाली गेले की पक्ष्यांचे प्रजनन घटते, असे दाखवले. उलट रे हिलबॉर्न व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील साठ्यांचा आढावा घेऊन, चारामाशांची संख्या व भक्षकांची वाढ यांत बहुतेक ठिकाणी स्पष्ट संबंध आढळत नाही, असे मांडले. भक्षक बहुधा जाळ्यात येणाऱ्या माशांपेक्षा लहान मासे खातात आणि लहान माशांची संख्या मासेमारीपेक्षा समुद्राच्या स्थितीवर अवलंबून असते, ही त्यांची कारणे होत. या टीकेनंतर सरसकट निम्म्या पकडीऐवजी प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा अभ्यास करण्याकडे कल वाढला. घरटे सोडून दूर जाऊ न शकणारे समुद्रपक्षी मात्र दोन्ही बाजूंच्या दृष्टीने विशेष विचाराचे ठरतात.

स्वतंत्र विधेयक

'चारामत्स्य संवर्धन विधेयक' २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटिक पक्षाच्या डेबी डिंगेल व रिपब्लिकन पक्षाचे ब्रायन मास्ट यांनी संयुक्तपणे मांडले. पुढे सिनेटमध्येही तसेच द्विपक्षीय विधेयक आले. चारामाशांची राष्ट्रीय व्याख्या करणे, नव्या मासेमारीला परवानगी देण्यापूर्वी तिच्या परिणामांचे मूल्यमापन करणे, पकडमर्यादा ठरवताना भक्षकांची गरज विचारात घेणे आणि नदीतील हेरिंग व शॅड यांना समुद्रातील योजनांत समाविष्ट करणे, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या. हौशी मासेमारांच्या संघटनांनी त्यास पाठिंबा दिला, कारण त्यांना हवे असलेले मोठे मासे याच लहान माशांवर पोसले जातात. परिषदांना आजच्या कायद्यातही हे सर्व अधिकार आहेत आणि अलास्कातील केपलिन, कॅलिफोर्नियातील सार्डिन व मेनहेडन यांना एकाच व्याख्येत बसवणे अयोग्य आहे, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप राहिला. ही विधेयके कोणत्याही सभागृहात अंतिम मतदानापर्यंत पोहोचली नाहीत.